वाटीच्या तळाला भेग जाते, आणि 62व्या वर्षी घरी चाक बसवावं का?

जुना टर्नर (चिंचवड)

नमस्कार मंडळी.

प्रश्न दोन आहेत, पण आधी थोडं मागचं सांगतो, म्हणजे माझी अडचण नीट कळेल.

मी 34 वर्षं लेथवर, म्हणजे धातू फिरवत कातायच्या यंत्रावर काढली. पिंपरीतल्या एका कारखान्यात टर्नर होतो. शाफ्ट, बुश, फ्लँज हेच आयुष्य. 58 पूर्ण झाल्यावर निवृत्त झालो. अडीच वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीतल्या एका मॅडमनी विचारलं, आमच्या मातीकामाच्या वर्गातल्या एका चाकाचं बेअरिंग आवाज करतंय, बघता का? गेलो. बेअरिंग ठीक होतं, शाफ्ट ज्या कड्यात फिरतो ती खालची बुश झिजून शाफ्टला प्ले आला होता, म्हणजे तो ढिला हलत होता. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नवी बुश टर्न करून घेतली, आणून बसवली, डायल (वाकडेपणा मोजायचं काट्याचं मापक) लावून पाहिलं, मिलिमीटरच्या पाच शतांशात आलं. मॅडमना म्हटलं, आता लोड टाकून बघायला हवं. त्यांनी मातीचा एक गोळा चाकावर आपटला आणि म्हणाल्या, बसा, तुम्हीच बघा.

मी हात लावला. लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, वाकडा धरलेला जॉब जसा धडका देतो तसा तो गोळा तळहाताला धडका देत होता. लेथवर जॉब ट्रू करायला, म्हणजे बरोबर मध्यावर आणायला, पकडीचे चार जॉ असतात, चावीनं एकेक सरकवायचा. इथे जॉ म्हणजे माझेच दोन हात. कोपर मांडीला टेकवलं, दाबत राहिलो. किती वेळ गेला माहीत नाही, पण मध्येच तो गोळा शांत झाला. फिरतोय हे डोळ्यांना दिसतंय आणि हाताला काहीच लागत नाही. मंडळी, जॉब ट्रू झाला हे मी 34 वर्षं डायलच्या काट्यावर पाहत आलो. तळहाताला ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सकाळी अकराला गेलेला माणूस संध्याकाळी साडेसातला घरी आला. बायकोनं चार वेळा फोन केला होता, मातीच्या हातानं उचलता आला नाही.

तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार. एकही दिवस चुकवलेला नाही, भावाच्या मुलीच्या लग्नाचा शनिवार सोडला तर.

सवयीप्रमाणे वही ठेवली आहे. आजपर्यंत 214 नग. माती स्टोनवेअरची, पहिली भाजणी साधारण 950 अंशांना, ग्लेझ (काचेसारखा लेप) लावून दुसरी 1220 ला. ओल्या मातीची 100 मिलिमीटरची चकती मुद्दाम करून पाहिली, दोन्ही भाजण्यांनंतर 88 भरली. म्हणजे 12 टक्के आकसते. पण 214 पैकी 41 नगांच्या तळाला भेग गेली. भेग इंग्रजी एस अक्षरासारखी, बरोबर तळाच्या मध्यावर. कधी सुकतानाच दिसते. कधी पहिल्या भाजणीनंतर. ग्लेझ उत्तम उतरलेली वाटी भट्टीतून काढावी, उलटी करावी आणि तळाला ती दिसावी, असं सहा वेळा झालं आहे. त्या दिवशी जेवण जात नाही.

माझी पद्धत अशी: गोळा 600 ते 800 ग्रॅमचा. तळ 12 मिलिमीटर ठेवतो, मशिनिंग अलाउन्स म्हणून, म्हणजे नंतर कोरायला जास्तीचा. माती चामड्यासारखी घट्ट झाली की उलटं करून कोरून तळ 6 वर आणतो. बाजूची जाडी 5. सुकायला फळीवर, पंख्याखाली.

दुसरा प्रश्न. वर्गाची जागा मालकाला परत हवी आहे, जूनअखेर वर्ग बंद होईल. मुलगा म्हणतो दुसरा क्लास शोधा. पण पहाटे जाग आली की माझ्या डोळ्यांसमोर ओल्या फडक्याखाली झाकलेल्या वाट्या येतात, कुठली कोरायला आली असेल याचा हिशेब चालतो. मला हे माझ्या घरी हवं आहे. आमच्या फ्लॅटला ड्राय बाल्कनी आहे, 8 फूट बाय 4. तिथे चाक बसेल का? भट्टीही घ्यावी का? उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, डॉक्टर सांध्याची झीज म्हणतात. मला अजून दहा वर्षं तरी हे करायचं आहे, तर आतापासून काय सांभाळू?

भट्टीवाली (नाशिक)

काका, नमस्कार. 18 वर्षं स्टोनवेअर करते. तुम्ही मापं दिलीत म्हणून उत्तर देणं सोपं झालं. इथे बहुतेक जण "भांडं फुटतं, काय करू" एवढंच विचारतात.

तुमची भेग त्या 12 मिलिमीटरमध्ये आहे.

लेथवर जॉबचा पोलाद आतबाहेर सारखाच असतो, म्हणून जास्तीचं ठेवून नंतर उतरवलं तरी चालतं. माती तशी नाही. तिचे कण बारीक पत्र्यांसारखे चपटे असतात. भिंत वर ओढताना तुमच्या दोन्ही हातांमध्ये ते दाबले जातात, एकमेकांवर नीट बसतात, मधलं पाणी निघून जातं. तळाला मात्र तुम्ही नुसतं भोक पाडून बाजूला सारलंत. त्याला कुणी दाबलंच नाही. शिवाय भांड्यातलं पाणी साचतं तेही तळातच. आता हे फळीवर पंख्याखाली ठेवलं की काठ आधी सुकतो, आकसतो आणि घट्ट होतो. जाड, ओला तळ मागून आकसायला लागतो तेव्हा त्याला आत यायला वाव नसतो. मग तो सर्वांत कच्च्या जागी, म्हणजे मध्यावर, फाटतो. एस आकार येतो कारण चाकावर मातीला पीळ पडलेला असतो. नंतर कोरून 6 वर आणलात तरी कच्चा गाभा तिथेच राहिला. भट्टी फक्त तो उघडा करते.

तळ 8 च्या वर ठेवू नका. उघडल्यावर स्पंजनं पाणी टिपा आणि बोटांनी किंवा लाकडी पट्टीनं तळ कडेकडून मध्याकडे, मध्याकडून कडेला असा चार-पाच वेळा जोर देऊन दाबा. काठ जरा घट्ट झाला की भांडं उपडं घाला, म्हणजे तळाला वारा लागेल आणि काठ झाकला जाईल. पंखा बंद. वर्तमानपत्र, त्यावर सैल प्लास्टिक, चार-पाच दिवस. पावसाळ्यात आठ.

भट्टी आत्ता घेऊ नका. लहान इलेक्ट्रिक भट्टीसुद्धा 3 ते 6 किलोवॉट ओढते, तास न् तास. घरचा मंजूर भार, वायरिंग, बाल्कनीतली उष्णता, सगळं बघावं लागतं. शिवाय भट्टी शिकायला चाकाइतकाच वेळ जातो. 573 अंशांना मातीतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं आणि थंड होताना त्याच अंशाला एकदम आकसतं. तिथून सावकाश नेलं नाही तर भांडं तडकतं. माझ्या पहिल्या वर्षी मी उतावीळपणे 300 ला झाकण उघडलं आणि एका ऑर्डरच्या 22 बश्या घालवल्या. त्यांचा टिण् टिण् आवाज अजून कानात आहे. पुण्यात भाड्यानं भाजून देणारे आहेत, त्यांच्याकडे न्या. फक्त पूर्ण सुकलेलं कच्चं भांडं सर्वांत नाजूक असतं, काठाला धरून उचलायचं नाही. मी जुन्या साड्यांच्या घड्यांमध्ये नेते.

चाकाचं पाणी कधीही मोरीत ओतू नका, पाइप तुंबेल आणि खालचे शेजारी वर येतील. दोन बादल्या ठेवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी झाडांना, खालची माती पुन्हा मळायला. आणि बाल्कनी कोरडी झाडायची नाही, कधीच नाही. सुकलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसते ती निघत नाही. ओल्या फडक्यानं पुसा.

अंगठ्यासाठी: माती आहे त्यापेक्षा मऊ ठेवा, 500 ग्रॅमच्या वर सध्या जाऊ नका, मध्यावर आणताना जोर अंगठ्यानं न देता तळहाताच्या गादीनं आणि खांद्यातून द्या. माती मळण्याचा ओटा कंबरेच्या खाली हवा, म्हणजे अंगाचं वजन कामी येतं.

चाकाचं मी काय सांगू? बुश टर्न करून आणणारा माणूस चाक विकत कशाला घेतो?

मातीची लेक (कराड)

दादा, तुमचा धागा काल रात्री वाचला आणि आज सकाळी वडिलांना वाचून दाखवला. ते 81 वर्षांचे आहेत. आम्ही कुंभार. कराडजवळच्या गावात आमचं चाक होतं, 2009 पर्यंत.

माझी गोष्ट थोडी सांगते, मग तुमच्या भेगेकडे येते.

आमच्या घरात बाईनं चाकाला हात लावायचा नाही. तळ्याचा गाळ डोक्यावरून आणायचा, वाळवायचा, कुटायचा, चाळायचा, त्यात घोड्याची लीद आणि राख मिसळायची, पायानं तुडवायची, हे सगळं आई आणि आम्ही बहिणी करायचो. घडलेली मडकी उन्हात मांडायची, त्यांना काव लावायची, संक्रांतीच्या आधी महिनाभर सुगडं मोजायची. आवा, म्हणजे मडकी भाजायची उघडी भट्टी, रचताना गोवऱ्या आणि पाचट द्यायची. चाकावर बसायचे ते फक्त वडील. दहा वर्षांची असताना ते जेवायला उठल्यावर मी चाकाला दांडा लावून फिरवलं होतं. आजीनं पाहिलं. मारलं नाही, पण चाकाला हळद-कुंकू वाहून पाया पडायला लावलं. मी पुन्हा हात लावला नाही.

मी शिकले, सहकारी बँकेत लागले. 47व्या वर्षी कामानिमित्त पुण्याला दोन वर्षं होते, तेव्हा घराजवळ एक वर्ग दिसला. आत इलेक्ट्रिक चाकावर सगळ्या बायकाच बसलेल्या. मी दारात उभी राहिले ते उभीच. दुसऱ्या दिवशी नाव घातलं. पहिला गोळा पंधरा मिनिटांत मध्यावर आला. शिकवणाऱ्या मुलीनं विचारलं, आधी केलंय का? काय सांगणार! हातानं केलं नव्हतं, पण 17 वर्षं रोज पाहिलं होतं. वडिलांचे खांदे कसे खाली येतात, श्वास कधी सोडतात, सगळं माझ्या अंगात बसलेलं होतं. आज 52 ची आहे. मागच्या दारी माझं चाक आहे. वडील शेजारी खुर्चीवर बसतात आणि चुका काढतात.

आता तुमची भेग. वडिलांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "थापटत नाहीत का ते?"

दादा, माठ चाकावर पूर्ण होत नाही. चाकावर गळा आणि काठ पक्का होतो, खालचं अंग जाड आणि बुटकं राहतं. ते दोऱ्यानं कापून उतरवायचं, थोडं आवळलं की आत दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकत ठोकत फिरवत न्यायचं. ठोकताना भिंत पातळ होते, पोट फुगतं, तळ गोल होऊन मिटतो. ठोक्यानं माती दाबली जाते. भट्टीवालीताईंनी बोटांनी दाबायला सांगितलं तेच काम थापटणं दहापट जोरानं करतं. वडिलांनी आयुष्यभरात हजारो माठ केले. ते म्हणतात, माठ आव्यात फुटला, पावसानं गेला, गाढवानं लाथ मारून फोडला, पण मध्यावर तळ फाटला असं फार आठवत नाही.

गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटण्यानं तपासली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ती गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. आमच्या घरी ती किर्तनात ऐकण्याच्या आधी कामात ऐकली. आवा उघडला की वडील प्रत्येक मडक्याला बोटाच्या पेरानं टिचकी मारायचे. पक्कं खणखणतं, कच्चं किंवा भेगेचं बद्द वाजतं. डोळ्याला न दिसणारी भेगही आवाजात कळते.

तुमच्या वाटीला माठासारखं ठोकायला नको. वडील म्हणतात, कोरायच्या आधी, माती बोट उमटेल पण चिकटणार नाही इतकी आवळली की तळाला आतून गोळ्याचा आधार देऊन बाहेरून पन्नासेक हलके ठोके द्या. थापटण्याला थोडी राख लावा, म्हणजे चिकटणार नाही.

घोडकाठ (शिरूर)

मी शिक्षक होतो, मातीकाम येत नाही, पण वरचं वाचून राहवलं नाही. आमच्या तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं तिथे 1968 पासून 1983 पर्यंत उत्खनन केलं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं गाव, त्यात कुंभाराची गोल भट्टीसुद्धा सापडली. तिथली जोर्वे पद्धतीची (त्या काळातल्या भांड्यांचा एक प्रकार) भांडी लाल अंगाची, वर काळ्या रेघांची नक्षी, तोटीची, चाकावर घडवलेली आणि इतकी छान भाजलेली की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. पुरातत्त्वाच्या पुस्तकांतही त्या आवाजाचा उल्लेख असतो. ताईंच्या वडिलांचा टिचकीचा मुद्दा वाचून अंगावर काटा आला.

तिथे लहान मुलांना दोन मातीच्या कुंभांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत असत. दूर नेववत नसेल.

तुम्ही चिंचवडला आहात. येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात एकदा जाऊन या. भांड्यांचे तळ बघा.

जुना टर्नर (चिंचवड)

सगळ्यांचे मनापासून आभार. भट्टीवालीताई, 12 मिलिमीटरचं वाचून मी वही काढली. ज्या 41 नगांना भेग गेली त्यांतले 33 नग मी तळ 12 किंवा जास्त ठेवलेले होते. आकडा माझ्याच वहीत होता आणि मला दिसला नाही. सवयीनं मी तो बरोबरच धरून चाललो होतो.

ताई, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. थापटणं कसं असतं त्याचा फोटो आणि मापं मिळतील का?

मातीची लेक (कराड)

फोटो जोडला आहे. बाभळीचं आहे, आजोबांच्या हातचं. लांबी मूठ धरून 11 इंच, तोंड 4 इंच रुंद, किंचित खोलगट. दगडी गोळा मात्र वडील हातात धरू देत नाहीत, तो त्यांच्या उशाशी असतो. पेरूएवढा आहे, खाली गोल, वर मूठ.

जुना टर्नर (चिंचवड)

दोन महिन्यांनी धागा वर काढतो आहे.

चाक झालं. अर्ध्या हॉर्सपॉवरची डीसी मोटर, वेगाचा कंट्रोलर, व्ही-बेल्ट, 300 मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची तबकडी. तबकडी मी स्वतः जुन्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये फेस केली, म्हणजे तोंड सपाट कातलं, चार वर्षांनी लेथला हात लागला. वेग 0 ते 220 फेरे. खाली रबराचे पॅड टाकले, खालच्या मजल्यावर जाऊन कान देऊन ऐकलं, आवाज जात नाही. उंची अशी धरली की कोपर मांडीला टेकतं आणि पाठ वाकत नाही. बादल्या दोन. झाडू बाल्कनीतून हलवला, बायकोनंच हलवला.

संग्रहालयात जाऊन आलो. जोर्वेच्या तोटीच्या भांड्यासमोर बराच वेळ उभा होतो. भिंतीची जाडी काचेतून मोजता येत नाही, पण माझ्या अंदाजानं माझ्या वाटीपेक्षा पातळ आहे. मायक्रोमीटर नाही, मोटर नाही. हातावर घेऊन बघावं असं फार वाटलं. त्या जोडकुंभांपाशी मात्र थांबवलं नाही.

थापटणं बाभळीचंच केलं. गोळा मी चाकावर मातीचा घडवला, भाजून आणला. पहिल्या दोन वाट्यांचे तळ ठोकून आत चेपले, हात हलका ठेवायला चार दिवस लागले. ठोका बरोबर बसला की आतल्या हाताला गोळ्यातून एक घट्ट, भरीव धक्का लागतो. चुकला की पोकळ लागतो. हे पुन्हा डायलवर न दिसणारं. अंगठ्याला थापटण्याचा त्रास नाही, उलट मळण्यापेक्षा बरं.

हिशेब: 26 नग, तळ 8, दाबून, थापटून, उपडे घालून, पंखा बंद. दोन्ही भाजण्या झाल्या. भेग एका नगाला, तोही पहिल्या दिवशीचा.

ताई, त्यातल्या एका वाटीचा फोटो जोडला आहे. दादांना, म्हणजे तुमच्या वडिलांना, दाखवाल का?

मातीची लेक (कराड)

दाखवला. त्यांनी मोबाइल लांब धरून पाहिला आणि परत दिला. म्हणाले, "फोटोत काय कळतंय? वाजवून पाठवायला सांग."

जुना टर्नर (चिंचवड)

आवाज रेकॉर्ड करून जोडला आहे. तीन टिचक्या आहेत. मागे कुकरची शिट्टी येते, ती सोडून द्या.

मातीची लेक (कराड)

दोनदा ऐकला. दुसऱ्यांदा कानाला लावून. म्हणाले, "वाजतंय. पण काठ जाड ठेवलाय त्यांनी."

जुना टर्नर (चिंचवड)

आत्ता व्हर्नियर लावला. काठ 7 आहे, भिंत 5. त्यांना सांगा, उद्याची वाटी 5 च्या काठाची.